मोटार सुधारायची म्हणजे काय?



रविवारी सकाळी खडकवासल्याला धरणाच्या काठी घटकाभर उभे राहा. एका अंगाला धरणाचे शांत पाणी दिसेल आणि दुसऱ्या अंगाला सिंहगडाकडे निघालेल्या मोटारींची रांग. त्या रांगेत काही मोटारी अशा दिसतील की, त्यांच्या मालकांनी त्या ‘सुधारून’ घेतल्या आहेत. एकीला रुंद चाके बसवलेली, दुसरीचा सायलेन्सर असा की कणसाची भाजणी थांबवून लोकांनी वळून पाहावे, तिसरीच्या तोंडावर इतके दिवे की लग्नाचा मांडवच चालला आहे असे वाटावे. मालकाला विचारा, की बाबा रे, हिच्यात काय सुधारले? तो सांगेल, “पिकअप वाढला.” आता दुसरा प्रश्न विचारा. “आणि थांबते किती अंतरात?” या प्रश्नाचे उत्तर शंभरात एखाद्यालाच देता येईल.

मला कुणी हसू नये म्हणून आधीच सांगून टाकतो, की काही वर्षांपूर्वी मलाही ते देता आले नसते. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रशास्त्राशी माझा संबंध गाडी बिघडली म्हणजेच यायचा. मी एक जुनी मोटार विकत घेतली आणि हौसेने तिच्यावर पैसे घातले. रुंद टायर घातले, हवा जास्त ओढणारी गाळणी बसवली, नवा सायलेन्सर लावला. गाडी चढाला जोरात निघू लागली आणि मी खूश झालो. ब्रेकचे तेल कधी बदलले होते, असे कुणी विचारले असते, तर ते बदलावे लागते हीच मला नवी बातमी ठरली असती.

एका श्रावणात घरची मंडळी घेऊन मी सिंहगडावर गेलो. वर जाताना सगळे झकास. खाली येताना मात्र मी चौथा गिअर टाकला आणि पाय ब्रेकवर ठेवून निवांत उतरू लागलो. निम्मा घाट उतरलो असेन, तोच जळका वास आला. पुढल्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय घालावा तसे खाली गेले. गाडी थांबेना. मागच्या बाकावर मुले गाणी म्हणत होती. त्यांना काहीच कळले नव्हते, आणि मला एकाएकी सगळे कळले होते! हँडब्रेक ओढत, गिअर खाली आणत, कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली.

मागून गडावर खेपा करणारी एक जीप आली. तिचा चालक साठीच्या घरातला. खाली उतरून त्याने चाकाजवळ हात नेला आणि म्हणाला, “साहेब, ब्रेक जाळले की तुम्ही!” मी घाईघाईने पाण्याची बाटली काढली. तशी त्याने माझा हात धरला. “पाणी नका ओतू. तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकल्यावर काय होतं? लोखंड तडकंल. बसा जरा अर्धा तास.” मी विचारले, “मामा, आता उतरायचं कसं?” तो म्हणाला, “ज्या गिअरमध्ये वर चढलात, त्याच गिअरमध्ये खाली उतरायचं. इंजनाला धरू द्या गाडी. ब्रेक आपला अधूनमधून.”

माझ्या मोटारीवर मी घातलेल्या हजारो रुपयांपेक्षा त्याचे हे एक वाक्य अधिक मोलाचे निघाले, आणि त्याने त्याचा एक पैसाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना ही कथा सांगितली. त्यांनी फळ्यावर गणित मांडले. समजा, माणसांसकट मोटारीचे वजन बाराशे किलो आहे आणि घाटात ती उभी पाचशे मीटर उंची उतरली. एवढ्या उतरण्यात जी शक्ती मोकळी होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर किती? अठरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी! म्हणजे घरातला एक मोठा हंडा. आता हा हंडा तापवण्याइतकी उष्णता चाकांतल्या चार लहानशा ब्रेकांवर टाकली, तर ते तापतील नाही तर काय करतील? ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. त्यांतच ब्रेकचे तेल जुने असले तर आणखी वाईट. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. साध्या प्रतीचे नवे तेल दोनशे अंशांच्या पुढे उकळते. तेच ओलावा शोषलेले असले तर दीडशेच्या आतही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. मग पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोचत नाही, नुसते बुडबुडे दबतात. माझे पेडल लोण्यासारखे झाले ते यामुळे.

आणि आता थोडा इतिहास, कारण तो माझा विषय आहे आणि जागाही खडकवासल्याचीच आहे.

खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. पुढे पाण्याची गरज वाढली. पाणी जास्त साठवायचे, तर धरण उंच करावे लागणार, आणि जुन्या भिंतीवर जादा भार टाकायचा म्हणजे जोखीम. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी एक युक्ती काढली. ते पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेलेले. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली. साल होते १९०३. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो दारे मिटलेली राहत, म्हणून साठा वाढला. पुराचे पाणी त्याच्यावर चढू लागले की दारे आपली आपण उघडत, म्हणून भिंत सुरक्षित राहिली.

यातली खुबी लक्षात घ्या. त्यांनी साठा वाढवला, पण त्याबरोबर तो साठा आवरण्याची सोयही त्याच कामात केली. एकाशिवाय दुसरे केले नाही. याला म्हणतात सुधारणा. उंचावर साठलेले पाणी आवराबाहेर गेले म्हणजे काय होते, हे १२ जुलै १९६१ रोजी पुण्याने पाहिले. पानशेत फुटले, ते पाणी येऊन खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. घाटमाथ्यावर उभी असलेली मोटार हीसुद्धा उंचावर साठलेली शक्तीच आहे. ती आवरण्याची सोय किती आहे, हे वरून निघण्यापूर्वी पाहायचे असते.

तेव्हा मोटारीची सुधारणा कोणत्या क्रमाने करावी? माझ्या समजुतीने आधी टायर, मग ब्रेक, मग चालवणारा, आणि इंजिन सर्वांच्या शेवटी.

टायरपासून सुरुवात का? इंजिन केवढेही असो, ब्रेक कसलेही असोत, मोटार रस्त्याला धरून असते ती टायरच्या चार ठिकाणांनी, आणि ती प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. या चार तळहातांवर तुमचे सगळे कुटुंब चाललेले असते. टायरच्या खाचांत मधेमधे लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ आली असे समजावे. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर फसवतो, कारण तिथे तो बरा चालतो. पावसात मात्र पाणी बाहेर टाकायला त्याला खाचाच नसतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात तेही वाचायला शिका. २३२१ असे असेल, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर नवा म्हणून कुणी गळ्यात मारू नये, यासाठी एवढे अक्षरज्ञान पुरे आहे. हवा तपासायची ती सकाळी, चाके थंड असताना. किती भरायची ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. चार माणसे आणि सामान असेल तर आकडा वेगळा असतो, तोही तिथेच दिलेला असतो. आणि माझ्यासारखे रुंद टायर घालण्याआधी विचार करा. स्टीअरिंग जड होते, पेट्रोल जास्त लागते, आणि चाकाचा घेर मूळच्यापेक्षा वाढला असेल तर वेगाचा काटाही खोटे बोलतो. तो साठ दाखवतो तेव्हा मोटार साठाच्या वर धावत असते.

मग ब्रेक. दर दोन वर्षांनी तेल बदलावे. लायनर, पॅड, नळ्या तपासून घ्याव्यात. हा खर्च नव्या सायलेन्सरच्या मानाने फार थोडा आहे. पण त्याचा आवाज होत नाही आणि तो शेजाऱ्याला दिसत नाही, म्हणून आपण तो टाळतो!

इंजिनाकडे वळायचे, तर आधी मूळचा जोर तरी पुरा मिळतो का ते पाहा. खेड्यातल्या धुळीत हवेची गाळणी तुंबते आणि इंजिन गुदमरते. ती वेळेवर साफ केली किंवा बदलली, ऑइल वेळेवर बदलले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि डिकीतले वर्षभराचे ओझे उतरवले, तर गाडी पुष्कळ हलकी धावते. अनेकांना जी सुधारणा हवी असते, ती एवढ्यातच मिळून जाते. अलीकडे इंजिनाच्या संगणकात फेरफार करून जोर वाढवून देणारेही आहेत. जोर वाढतो हे खरे. पण तो वाढीव जोर क्लचला, गिअरपेटीला, टर्बोला सोसायचा असतो. ते भाग मूळ जोराच्या हिशेबाने घडवलेले असतात. बैल बदलला, पण जू आणि सापत्या जुन्याच ठेवल्या, असा तो प्रकार होतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे. आपल्या देशात मोटारींच्या चाचण्या जिथे होतात, त्यांतली ती एक प्रमुख संस्था. कंपनीची मोटार अशा चाचण्यांतून गेल्यावरच बाजारात येते. आपण रस्त्याकडेच्या दुकानात जो फेरफार करतो, त्याची चाचणी कोण घेतो? आपणच, आणि तीसुद्धा घाटात, मुलेबाळे मागे बसवून! कायद्याचेही म्हणणे हेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली आहे.

आता तुम्ही म्हणाल, या साऱ्या शहरी हौसेच्या गोष्टी, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तुमचाच जास्त आहे. पिकअप टेम्पोला जादा पाटे टाकून घेणे ही कोणती सुधारणा? पाटे वाढले की टेम्पो टोमॅटोचे क्रेट जास्त घेतो, मागून बसत नाही, मालक खूश. पण ब्रेक किती टनांचे? मूळचेच. टायर? मूळचेच. भार वाढला, आवर तेवढाच राहिला. ट्रॅक्टरच्या मागे उसाची दुसरी ट्रॉली जोडली, तेव्हाही हाच हिशेब. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. आणि मागे लाल परावर्तक नसेल, तर रात्री मागून येणाऱ्याला ती दिसतही नाही. या हंगामात ट्रॉलीवर एखादी सुधारणा करायची असेल, तर टेपऐवजी परावर्तक लावा.

आता चालवणारा. हा मोटारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो सुधारायला पैसा लागत नाही, फक्त थोडा मोठेपणा सोडावा लागतो.

पहिली गोष्ट अंतराची. डोळ्याने धोका पाहिला आणि पायाने ब्रेक दाबला, यांत साधारण एक सेकंद जातो. ताशी चाळीसच्या वेगाला त्या एका सेकंदात मोटार अकरा मीटर पुढे गेलेली असते. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा मीटर धरा. एकूण एकवीस. आता वेग दुप्पट करा, ऐंशी. एका सेकंदात बावीस मीटर, आणि ब्रेक लागल्यावर आणखी एक्केचाळीस. एकूण त्रेसष्ट! वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचे अंतर चौपट झाले. रस्ता ओला असेल, तर शंभर मीटरही पुरतीलच असे नाही. हा निसर्गाचा नियम आहे. त्याला महागडी मोटार आणि जुनी जीप सारखीच.

दुसरी गोष्ट वळणाची. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. गिअरही आधीच बदलायचा. वळणात टायरला वळण्याचे काम असते. त्याच वेळी त्याच्याकडून थांबण्याचेही काम मागितले, तर तो दोन्ही सोडून देतो. नजर बॉनेटवर ठेवू नका, वळण जिथे संपते तिकडे ठेवा. नजर जाते तिकडे हात जातात.

तिसरी गोष्ट घाटाची. जीपवाल्या मामांचे वाक्य तुम्हाला आता पाठ झालेच आहे. काही जण पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. हे कधीही करू नका. इंजिन बंद झाले, की ब्रेकला आणि स्टीअरिंगला मिळणारी मदत जाते आणि दोन्ही दगडासारखी जड होतात. शिवाय यात बचतही नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहते. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा, तेही पदरात पडत नाही. आणि घाटात रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे.

चौथी गोष्ट नव्या ब्रेकांची. ज्या मोटारीत एबीएस आहे, तिथे संकटात ब्रेक पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि स्टीअरिंगने वाट काढायची. पायाखाली थरथर जाणवली तर घाबरून पाय उचलू नका. ती यंत्रणा आपले काम करत आहे. जुन्या गाडीत ती नसेल, तर चाके घसरू लागताच पाय किंचित सैल करून पुन्हा दाबायचा. आपल्या गाडीत कोणती सोय आहे, हे आज घरी गेल्यावर बघून ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हे सारे वर्गात नुसते सांगू नका, मैदानावर दाखवा. चुन्याची एक रेघ मारा. एका मोठ्या मुलाला सायकलवरून सावकाश यायला सांगा. रेघेवर ब्रेक लावायचा आणि सायकल कुठे थांबली ते टेपने मोजायचे. मग मोकळ्या मैदानात जरा वेगाने. मुले आकडे वहीत लिहितील आणि वेग वाढतो त्याहून अंतर कितीतरी जास्त वाढते, हे त्यांना स्वतःच दिसेल. दुसरा प्रयोग आणखी सोपा. दोन्ही तळहात जोरात घासून गालाला लावा. चटका बसतो ना? ब्रेक का जळतो, ते कळले. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे धरणांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडतात, मोजतात आणि मग मोठ्या कामाला सल्ला देतात. आधी मोजावे, मग बदलावे, हा धडा मुलांना शाळेच्या मैदानावर मिळू शकतो. उद्या हीच मुले मोटारसायकली घेऊन रस्त्यावर येणार आहेत.

माझी जुनी मोटार अजून आहे. मूळच्या मापाचे टायर पुन्हा घातले, आवाजाचा सायलेन्सर काढून टाकला, ब्रेकचे तेल कधी बदलले त्याची तारीख डायरीत लिहून ठेवतो. दर श्रावणात आम्ही सिंहगडावर जातो. वर पोचल्यावर मुले विचारतात, “बाबा, आता कोणता गिअर?” मी सांगण्याआधी तीच म्हणतात, “आलो तोच!” आणि आम्ही सावकाश खाली उतरू लागतो.